‘लीड मिळाला की कळवा’ म्हणणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
सुरुवातीच्या टप्प्यातल्या टेक स्टार्टअपमध्ये पैसे घालणारे सर्व एंजल गुंतवणूकदार, सीड फंड आणि त्यांच्या इन्व्हेस्टमेंट कमिट्या

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

गेल्या सात महिन्यांत मी तुमच्यापैकी ६३ जणांना भेटले. आकडा तोंडपाठ आहे, कारण त्या सगळ्यांची एक एक्सेल शीट माझ्याकडे आहे आणि रात्री झोपण्याआधी मी ती एकदा तरी उघडतेच. तीन रांगा हिरव्या आहेत. त्यांनी हो म्हटलं आणि पैसे पाठवले. अकरा लाल आहेत, त्यांनी नाही म्हटलं. उरलेल्या ४९ पिवळ्या. त्यांतल्या १७ जणांनी दुसऱ्या-तिसऱ्या भेटीनंतर उत्तर देणंच बंद केलं. राहिलेल्या ३२ जणांनी, शब्द थोडेफार इकडचे तिकडे, एकच वाक्य लिहिलं: “आम्हाला आवडलंय. लीड मिळाला की कळवा.”

हे पत्र पिवळ्या रांगांना आहे. लाल रांगांशी माझं काही भांडण नाही. त्यांतल्या एका बाईंनी तर पहिल्याच भेटीत, चाळिसाव्या मिनिटाला सांगितलं, “कारखान्यांना सॉफ्टवेअर विकायला किती वेळ लागतो ते मी एकदा भोगलंय, पुन्हा त्या वाटेला जाणार नाही.” मी लॅपटॉप मिटला, आम्ही दोघी हसलो, आणि संध्याकाळी मी दुसऱ्या कामाला लागले. सात महिन्यांत मला मिळालेली ती सगळ्यात स्वस्त मीटिंग.

आमचं काम थोडक्यात सांगते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. मशीन बिघडण्याआधी तिचा आवाज बदलतो. जुने कारागीर कान देऊन हे ओळखतात. आम्ही तेच काम मायक्रोफोन आणि सॉफ्टवेअरकडून करून घेतो. चार कारखान्यांत आमची यंत्रणा लागली आहे, दोन पैसे देतात, दोन अजून चाचणीत आहेत. आम्ही सहा जण आहोत. नमनाला एवढं तेल पुरे.

लीड म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको, पण हे पत्र माझ्यासारखे नवखे फाउंडरही वाचतील. फेरीतली सगळ्यात मोठी रक्कम घालणारा, कंपनीचं मूल्य ठरवणारा, अटींचा मसुदा आणणारा, हिशेब, करार, पेटंट असं सगळं तपासून घेणारा आणि पुष्कळदा संचालक मंडळावर बसणारा तो लीड. बाकीचे त्याच्यामागून त्याच अटींवर येतात. यात गैर काहीच नाही. स्वतःच्या खिशातून लहान रक्कम घालणाऱ्या एंजलने स्वतःचा वकील लावून कराराची चळत वाचत बसावं, असं कोणी म्हणणार नाही. शेअरची किंमत ठरवून होणाऱ्या फेरीत, म्हणजे प्राइस्ड राउंडमध्ये, लीडशिवाय पान हलत नाही हेही मान्य.

पण माझी फेरी प्राइस्ड नव्हती. मी सेफवर पैसे उभे करत होते, आणि माझ्या सगळ्या तक्रारीचं मूळ इथेच आहे.

सेफ हा भविष्यात शेअर देण्याचा साधा करार. नव्या स्टार्टअपना पैसे आणि मार्गदर्शन देणाऱ्या वाय कॉम्बिनेटर या अमेरिकी संस्थेने तो २०१३ च्या अखेरीस आणला. त्याआधी अशा पैशांसाठी कन्व्हर्टिबल नोट चालायची, आणि ते कितीही झालं तरी कर्जच: व्याज आलं, मुदत आली, मुदत संपली की पुन्हा वाटाघाटी आल्या. सेफमध्ये व्याज नाही आणि परतफेडीची तारीखही नाही. आज पैसे द्यायचे, पुढे प्राइस्ड राउंड होईल तेव्हा त्यांचे शेअर होतात, आणि ते जास्तीत जास्त कोणत्या मूल्याने होतील ती मर्यादा, म्हणजे कॅप, आधीच लिहिलेली असते. कागद मोजक्या पानांचा. घासाघीस करायची ती मुख्यतः कॅपवर आणि असली तर सवलतीवर.

या कागदाचा मोठा फायदा असा की प्रत्येक जण आपापली सही करून मोकळा होतो. सगळ्यांनी एकाच दिवशी, एकाच टेबलाभोवती जमायला नको. कोणी एकाने पुढे व्हावं आणि बाकीच्यांनी मागे उभं राहावं, अशीही गरज नाही. २०१८ मध्ये पोस्ट-मनी सेफ आला आणि हिशेब तर शाळकरी झाला: रक्कम भागिले कॅप, झाला तुमचा हिस्सा. पन्नास लाख डॉलरच्या कॅपवर पाच लाख दिले की दहा टक्के. त्यानंतर, प्राइस्ड राउंड येईपर्यंत, मी आणखी कितीही सेफ दिले तरी तुमचे दहा टक्के दहाच राहतात. कात्री लागते ती माझ्या हिश्शाला. म्हणजे तुमच्या मागून कोण येतंय, किती येतंय, याचा तुमच्या टक्क्यांवर परिणामच नाही. आणि नेमक्या याच कागदावर सही करण्याआधी तुम्ही मला विचारता, “पण लीड कोण आहे?”

पहिल्या दोन महिन्यांत मला वाटायचं, हा अनुभवी लोकांचा सावधपणा असेल. रक्कम पुरेशी जमली नाही तर कंपनी अर्ध्या वाटेत बसेल आणि आपला चेक त्यात बुडेल, ही भीती रास्त आहे, मी ती नाकारत नाही. पण तिच्यावर उपाय आहे. “एकूण इतके जमले तर माझे धर,” असं लिहून द्या. दोघांनी मला असं लिहून दिलं आणि ते दोघेही आज हिरव्या रांगेत आहेत. बाकीच्यांनी अट घातली नाही, आकडा सांगितला नाही, तारीख दिली नाही. नुसतं घोंगडं भिजत ठेवलं.

मग पाचव्या महिन्यात एक गंमत झाली. म्हणजे आज तिला गंमत म्हणता येतं.

एका फंडाने आम्हाला टर्म शीट, म्हणजे अटींचा मसुदा, दिला. सेफ बाजूला ठेवू, छोटा प्राइस्ड राउंड करू, आम्ही लीड करतो, असा प्रस्ताव. आम्ही सही केली आणि त्यांच्या परवानगीने मी त्या ३२ जणांना एकेक मेल लिहिला: “लीड मिळाला आहे. आपण म्हणाला होतात, म्हणून कळवत आहे.” किती जणांचं उत्तर आलं असेल? नऊ. नवांपैकी सहा जणांनी विचारलं, “लीडशिवाय आणखी कोण कोण आहे?” दोघांनी नव्या तिमाहीचे आकडे मागितले. एक म्हणाला, आता व्हॅल्युएशन आमच्यासाठी जरा जास्त झालं. बाकी तेवीस गप्प.

त्या संध्याकाळी माझा सहसंस्थापक म्हणाला, “यांना लीड नको होता ग. यांना आपण नको होतो. पण तसं म्हणायला जड जात होतं.” मला वाटतं, सात महिन्यांत आमच्यापैकी कोणीही काढलेला हा सर्वांत अचूक निष्कर्ष.

त्या टर्म शीटचं काय झालं तेही सांगते. टर्म शीट कायद्याने बहुतांशी बंधनकारक नसते. बंधन असतं ते साधारणपणे दोनच गोष्टींचं: गुप्तता आणि नो-शॉप, म्हणजे ठरलेल्या काळात फाउंडरने दुसऱ्या कुणाकडून प्रस्ताव घ्यायचा नाही. आमचा नो-शॉप ४५ दिवसांचा होता. अडतिसाव्या दिवशी फोन आला की कमिटीत एकमत होत नाहीये. तपासणीत काही वावगं सापडलं का, असं मी विचारलं. नाही, सगळं व्यवस्थित आहे, एकमत तेवढं होत नाहीये. त्या अडतीस दिवसांत मी बांधलेली होते, ते मोकळे होते. सेफवर यायला तयार असलेल्या दोन एंजलनी तोवर आपले पैसे दुसरीकडे लावले होते, आणि त्यांना मी कोणत्या तोंडाने दोष देऊ? त्यांना ‘थांबा’ म्हणणारी मीच होते. वकिलाचं बिल मात्र वेळेवर आलं.

तर मुद्दा असा, की ‘पाहू’ हे उत्तर तुम्हाला फुकट पडतं. हो म्हटलं तर पैसे जातात. नाही म्हटलं तर पश्चात्तापाची भीती, कारण तुमच्या धंद्याचं गणितच तसं आहे. एका गुंतवणुकीत तुमचं जास्तीत जास्त नुकसान घातलेल्या रकमेएवढं. पण हातची सुटलेली एखादी कंपनी शंभरपट, हजारपट होऊ शकते, आणि संपूर्ण फंडाचा परतावा अशा एक-दोन कंपन्यांवरच उभा असतो. बेसेमर व्हेंचर पार्टनर्स या अमेरिकी गुंतवणूक संस्थेने तर आपण कुणाकुणाला नाही म्हटलं याची यादी उघडपणे मांडली आहे. गूगल, ॲपल, फेसबुक, ईबे अशी नावं तिच्यात आहेत, आणि फेडेक्सला तर त्यांनी सात वेळा परत पाठवलं. स्वतःवर हसण्याची ही वृत्ती मला आवडते. पण ती यादी वाचून तुमच्यातल्या अनेकांनी भलताच धडा घेतलेला दिसतो, की नाही म्हणूच नये. दार बंद न करता नुसतं लोटून ठेवावं. कंपनी मोठी झालीच तर ‘आपलं बोलणं चालू होतं’ म्हणता येईल, बुडाली तर आपण होतोच कुठे?

या उघड्या दाराचं भाडं मात्र मी भरते, आणि ते मला दशांश चिन्हासकट मोजून दाखवता येईल.

आम्ही ठरवलं होतं की या फेरीत कंपनीचे १५ टक्के द्यायचे. पहिले दोन हिरवे आले तेव्हा दोघांचे मिळून ६ टक्के गेले. टर्म शीट मोडली त्या दिवशी बँकेत दोन महिन्यांच्या पगारापुरते पैसे उरले होते. दोन महिन्यांची शिल्लक असलेल्या माणसाचा चेहरा समोरच्याला वाचता येतो. आमच्या तिसऱ्या हिरव्या रांगेनेही वाचला. कॅप ४० टक्क्यांनी खाली आली. जुन्या कॅपवर जेवढ्या रकमेला ४.८ टक्के गेले असते, तेवढ्याच रकमेला आता ८ द्यावे लागले. मी त्यांना नावं ठेवत नाही. त्यांनी नऊ दिवसांत पैसे पाठवले.

पण मग पहिल्या दोघांपैकी एकाने साधा प्रश्न विचारला: “आम्ही आधी आलो, विश्वास ठेवला, आणि आम्हालाच महाग पडलं?” या प्रश्नाला उत्तर नाही. जो आधी उडी घेतो त्याला चढा भाव आणि जो काठावर बसून पाहतो त्याला सवलत, अशी रीत मी पाडली तर पुढच्या वेळी शहाणा माणूस काठावरच बसेल. करार मला भाग पाडत नव्हता, तरी मी त्या दोघांचीही कॅप खाली आणली. त्यांचे ६ चे १० झाले. दहा आणि आठ, अठरा. पुढच्या प्राइस्ड राउंडमध्ये नव्या गुंतवणूकदारांना २० टक्के आणि ऑप्शन पूलला, म्हणजे कर्मचाऱ्यांसाठी राखून ठेवायच्या शेअरना, १० टक्के धरले, तर आम्हा फाउंडरांकडे ८२ टक्क्यांचे ७० टक्के, म्हणजे ५७.४ उरतात. कॅप पहिली राहिली असती तर याच रकमेत ६२.४४ उरले असते. पाच टक्के. तुमच्या ‘पाहू’ची ही किंमत, आणि ही फक्त कागदावर दिसणारी. सात महिन्यांत मी एकाही नव्या कारखान्यात पाऊल टाकलं नाही, त्याचा हिशेब यात नाही.

दोष सगळा तुमचाच आहे, असं म्हणून मी सुटणार नाही. पिवळ्या रांगा मी मनातल्या मनात हिरव्या धरल्या. “आवडलंय” या शब्दावर विसंबून, पहिल्या दोघांच्या पैशांतून, मी दोन इंजिनिअर घेतले, कारण उरलेले पैसे येणारच होते. जे खात्यात आलं नाही ते आलंच नाही, हे घरचा किराणा चालवणाऱ्या कुणालाही कळतं. मला कळायला चार महिने लागले. आठ महिन्यांची शिल्लक असताना निघाले, तेही उशिराच. पैसे उभे करायला सहा महिने लागतील असं धरलं, तर आठ महिन्यांची शिल्लक ही प्रत्यक्षात दोन महिन्यांची असते. आणि सेफची वरची बेरीज मी कॅप टेबलवर, म्हणजे कुणाचा किती हिस्सा या तक्त्यावर, मांडून पाहिली ती तिसरी सही झाल्यावर. हात दाखवून अवलक्षण, पण कुणा नवख्या फाउंडरचे चार टक्के वाचणार असतील तर हरकत नाही.

आता थोडं तुमच्या बाजूला येऊन बसते.

तुम्हीही पैसे मागता, हे मला माहीत आहे. फंड म्हणजे काही तुमच्या कपाटातली रोकड नव्हे. तुमचेही गुंतवणूकदार असतात, लिमिटेड पार्टनर, म्हणजे पेन्शन फंड, विद्यापीठांचे निधी, श्रीमंत कुटुंबं. दहा वर्षांसाठी पैसे अडकणार, फळ कधी दिसेल सांगता येत नाही, अशा गोष्टीसाठी तुम्हीही एकेक दार वाजवता. पहिलाच फंड असेल तर वर्ष-दीड वर्षही जातं. आणि तिथे तुम्हाला काय ऐकावं लागतं? “अँकर कोण आहे? अँकर मिळाला की या.” अँकर म्हणजे फंडात पहिली मोठी रक्कम घालणारा. अगदी हेच वाक्य! म्हणून तर तुमच्या धंद्यात ‘फर्स्ट क्लोज’ नावाची पद्धत आहे. जेवढे जमले तेवढ्यांवर फंड सुरू करायचा, गुंतवणूक करायला लागायचं, उरलेले मागून येतात. तुम्ही स्वतःसाठी ज्या सोयीचा आधार घेता, तीच सोय सेफच्या रूपाने मी तुमच्यापुढे ठेवली तर तुम्हाला ती अर्धवट फेरी का वाटते, हे मला खरोखर समजून घ्यायचं आहे. नवा फंड उभारताना ज्यांनी हे सोसलंय, अशा एकदोघांना मी हे तोंडावर विचारलंही. एकाने बराच वेळ खिडकीबाहेर पाहिलं आणि विषय बदलला.

दुसरी एक गोष्ट. आमच्याशी बोलणारा माणूस बहुतेकदा हो म्हणू शकत नाही. उत्साही, हुशार, बावीस-पंचविशीतले असोसिएट आम्हाला भेटतात. त्यांना आमचं काम मनापासून आवडतं, ते आठवडाभर आमचे आकडे पिंजून काढतात आणि मग पार्टनरांसमोर पाच मिनिटं बोलतात. तिथे काय झालं हे आम्हाला कधीच कळत नाही. असोसिएटलाही धड कळत नसावं, कारण त्यालाच पुढे मला ‘लीड मिळाला की कळवा’ लिहावं लागतं. त्या पोरांचा मला राग नाही. पार्टनरनेच नाही लिहायला काय हरकत आहे?

१९९८ च्या ऑगस्टमध्ये अँडी बेक्टोल्शाइमने लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांना एक लाख डॉलरचा चेक लिहून दिला, ही गोष्ट या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक आहे आणि तुमच्यापैकी तिघांनी ती मलाच ऐकवलीसुद्धा. चेक ‘गूगल इन्कॉर्पोरेटेड’च्या नावे होता आणि त्या नावाची कंपनी तेव्हा अस्तित्वातच नव्हती, त्यामुळे सप्टेंबरात नोंदणी होईपर्यंत तो टेबलाच्या खणात पडून राहिला. ही गोष्ट नेहमी धाडसाची म्हणून सांगतात. मला ती तशी वाटत नाही. बेक्टोल्शाइम हा सन मायक्रोसिस्टिम्सचा सहसंस्थापक, संगणकात मुरलेला माणूस. भेट झाली ती डेव्हिड चेरिटन या स्टॅनफर्डच्या संगणकशास्त्राच्या प्राध्यापकाच्या घराच्या व्हरांड्यात, आणि पुढे चेरिटननेही पैसे घातले. शोधयंत्राचं प्रात्यक्षिक बघून हे काहीतरी वेगळं आहे हे ज्यांना कळू शकत होतं, अशी ती माणसं. आपल्याला कळतंय याची खात्री असलेल्या माणसाला दुसरा कोण येतोय हे विचारावं लागत नाही.

म्हणून मला शंका येते, की लीडची चौकशी करणाऱ्यांना पुष्कळदा एवढंच म्हणायचं असतं, की हा विषय आम्हाला कळत नाही. मशीनच्या आवाजातून बेअरिंगची झीज कशी ओळखायची, हे कळलं नाही तर त्यात कमीपणा कसला? मलाही पहिली दोन वर्षं कळत नव्हतं. पण ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, यात तुमचाही वेळ जातो आणि माझाही.

एअरबीएनबीच्या ब्रायन चेस्कीने २०१५ मध्ये आपल्याला आलेले नकार जाहीर केले होते. २००८ च्या जूनमध्ये त्याची सात गुंतवणूकदारांशी ओळख करून देण्यात आली. पंधरा लाख डॉलरच्या मूल्यावर दीड लाख मागत होते, म्हणजे दहा टक्के. पाच जणांनी नकार कळवला. दोघांनी उत्तरच दिलं नाही. लोक ही गोष्ट वाचून त्या पाचांना हसतात. मला ते पाच भले वाटतात. त्यांचा अंदाज चुकला, अंदाज कुणाचाही चुकतो, पण त्यांनी निदान दोन ओळी लिहिल्या, आणि चेस्कीला पुढे जाता आलं. २०२० च्या डिसेंबरात कंपनी शेअर बाजारात आली. त्या दोघांचं काय चाललंय, हे जाणून घ्यायला मला आवडेल.

मागणं फार नाही. पहिल्याच भेटीत सांगा की तुम्ही कधी कुणाच्या आधी चेक लिहिला आहे का. नसेल लिहिला तर तसं म्हणा. मी तुम्हाला वेगळ्या यादीत टाकेन आणि खरोखरच शेवटी येईन, मनात काही न ठेवता. निर्णय कोण घेणार आणि कोणत्या तारखेपर्यंत, हेही त्याच भेटीत. तारीख टळली तर मी ते उत्तर नाही असं धरेन, त्यासाठी तुम्हाला मेल लिहिण्याचेही कष्ट नकोत. तोंडी हो म्हणालात तर रक्कम आणि कॅप घालून मी एक मेसेज पाठवेन, त्याला ‘हो’ एवढंच उत्तर द्या. तोंडी सौदा असा पक्का करण्याची पद्धत वाय कॉम्बिनेटरने लिहूनच ठेवली आहे, मी काही नवं मागत नाही.

आणि टर्म शीट देणाऱ्यांना थोडं वेगळं. प्राइस्ड राउंडमध्ये तुमच्या वकिलाची फी एका मर्यादेपर्यंत आमची कंपनी भरते, असा सर्रास रिवाज आहे. का, हे मी आजवर कुणाला विचारलं नव्हतं. आता विचारते. आम्ही तुमच्या वकिलाचे पैसे भरत असू, तर तपासणीत काहीही वावगं न सापडता तुम्ही मागे फिरलात तर आमच्या वकिलाचे तुम्ही भराल का? नो-शॉप ४५ ऐवजी २१ दिवसांचा होईल का? सहा माणसांच्या कंपनीत तपासायला असतं काय? दोन वर्षांची बँक स्टेटमेंट, चार करार, एक कोड रिपॉझिटरी आणि आमचे चेहरे. तीन आठवडे खूप झाले.

फेरी अजून बंद झालेली नाही. ठरवलेल्या रकमेतला चौथ्या हिश्शाहून थोडा अधिक भाग बाकी आहे. कॅप खाली आणली होती ती या महिन्यापुरतीच. पुढच्या महिन्यात ती चढेल, त्यापुढच्या महिन्यात आणखी. जो आधी येईल त्याला स्वस्त, एवढं मी शिकले आहे. मागच्या आठवड्यात चाचणीतल्या दोन कारखान्यांपैकी एकात आमच्या यंत्रणेने एका कॉम्प्रेसरचा बिघाड अकरा दिवस आधी सांगितला आणि तिथल्या वरिष्ठ फोरमनने तो कान लावून खरा ठरवला. ज्यांना त्याचं रेकॉर्डिंग ऐकायचं असेल त्यांना पाठवते. ऐकण्यासारखं आहे.

महिनाअखेरीला मी शीट उघडून सगळ्या पिवळ्या रांगा लाल करणार आहे. कुणाची हरकत असेल तर त्याआधी दोन ओळी लिहाव्यात. ‘नाही’ लिहिलंत तरी चालेल.

कळावे,
आपली,
रांग क्रमांक १ ते ६३ ला भेटून आलेली एक फाउंडर